प्लॉटिंग तपासताना आधी रस्त्याचा कागद मागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोडला डांबरीपासून थोडं आत आम्ही पाच सहकाऱ्यांनी मिळून प्लॉट घेतले. कागद तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळं तपासलं, रस्ता तेवढा राहिला. बांधकाम सुरू करायला गेलो तर वाटेवर आडवी चर खणलेली, पलीकडे बाभळीच्या काट्या रचलेल्या आणि अलीकडे आमच्या विटांचा ट्रक उभा. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सातबारा, फेरफार, बोजा सगळेच बघतात. एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट मात्र स्वतः वाचा, आदेश क्रमांक लिहून घ्या. ‘एनए होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. प्लॉटिंगची एकूण जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या नोंदणीचा, नंबर विचारा.

आता रस्ता. लेआउटच्या नकाशात आतले रस्ते सुबक आखलेले असतात आणि आपण तेच बघत बसतो. तुम्ही बघायचं ते गेटच्या बाहेर. डांबरीपासून गेटपर्यंतची वाट कुणाच्या गटातून, म्हणजे कुठल्या गट नंबरच्या जमिनीतून, जाते? त्या गटाचा सातबारा काढा. विकणाऱ्याचा नाही, शेजाऱ्याचा. त्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात रस्त्याची नोंद आहे का, ते वाचा. नसेल तर रस्ता नाही, असंच धरून चाला.

आमच्या वेळी शेजारचे म्हातारे स्वतः म्हणाले होते, ‘खुशाल जा-ये करा.’ माणूस शब्दाचा पक्का होता. पण ते गेले, वारसनोंद झाली, वाटणी झाली आणि वाटेची पट्टी धाकट्याच्या हिश्श्यात आली. तोंडी परवानगी नव्या मालकावर बंधनकारक नसते. ‘वीस वर्षांची वहिवाट आहे’ हेही ऐकू येईल. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं आहेत, पण ती हक्कानं वापरल्याची. परवानगीनं वापरलेली वाट त्यात धरत नाहीत. तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली मिळणारा बांधावरचा रस्ता शेतात जायला असतो, वसाहतीला नाही.

म्हणून रस्त्याच्या हक्काचा दस्त लागतो, आणि तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतिपत्र चालत नाही. आमच्याकडे तेवढंच होतं. दस्तावर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही हवी, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीसुद्धा. रस्त्याची लांबी, रुंदी, कुठल्या बांधाला लागून जातो, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं. पाइपलाइन आणि विजेचे खांब नेण्याचा हक्कही त्यातच लिहून घ्या, नाहीतर पुढे त्यासाठी वेगळे पैसे मागतात. वाट दोन गटांतून जात असेल तर दोन दस्त. आमच्या वाटेत दुसरा गट होता हे आम्हाला मोजणीच्या दिवशी कळलं.

मग टेप घेऊन जा. रुंदी सुरुवातीला मोजू नका, तिथे ती ऐसपैस ठेवलेली असते. जिथे विहिरीचा काठ आणि बांध जवळ येतात, त्या अरुंद जागी मोजा. लेआउटमधला रस्ता 9 मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट, आणि तिथवर पोचवणारी वाट बारा फूट, असं असेल तर बोअरची गाडी वळणार कुठे? आगीचा बंब येणार कसा? हद्दकायम मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घेऊन खुणा प्रत्यक्ष जागेवर दाखवायला सांगा.

सप्टेंबरात एकदा जाच. आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच पडतो. काळ्या रानात नुसता मुरूम पसरलेला असेल तर चाक रुतेल, आणि ओढ्यावर नळ्या टाकल्यात की नुसता भराव केलाय तेही दिसेल.

पाणी: शेजारच्या बोअरला मे महिन्यात किती असतं, ते विचारा. ओपन स्पेस 10 टक्के सोडलीय का बघा, खासकरून जमीन एकरभर किंवा जास्त असेल तर. रस्ता ग्रामपंचायतीकडे देणार की खाजगीच ठेवणार आणि मुरुमाचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. ड्रेनेज, दिवे वगैरे बघालच.

आणि शेजारच्या गटाचा सातबारा टोकन द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा काढा, डिजिटल सहीचा. ‘इतर हक्क’ पुन्हा वाचा.