मनगटावरची किल्ली: स्मार्टवॉचने इलेक्ट्रिक गाडी कशी उघडावी

घड्याळात गाडीचं अ‍ॅप आहे, त्यात कुलूप उघडायचं बटण आहे, म्हणजे घड्याळाची किल्ली झाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. अनेकदा तो नुसता रिमोट असतो. बटण दाबलं की निरोप घड्याळातून फोनकडे, फोनवरून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून गाडीतल्या सिमकार्डाकडे जातो. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज गेली की निरोप मध्येच अडकतो आणि आपण दाराबाहेर. खरी डिजिटल किल्ली गाडीशी थेट बोलते. एकदा जोडून झाली की उघडण्यासाठी तिला इंटरनेट लागत नाही, खिशात फोनही लागत नाही. पुढचं सगळं या खऱ्या किल्लीबद्दल आहे.

पायरी १: गाडी आणि घड्याळाचं जमतं का ते बघा

घाई इथेच नडते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये डिजिटल किल्लीचं प्रकरण काढा आणि तीनपैकी कोणतं तंत्र आहे ते शोधा.

एनएफसी म्हणजे दुकानात टॅप करून पैसे देतो तेच. पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा, त्यामुळे घड्याळ दाराच्या हँडलला जवळजवळ टेकवावं लागतं. ब्लूटूथवर गाडी आपण जवळ आल्याचं ओळखते, पण बऱ्याचदा सिग्नल किती जोरात येतोय यावरून अंतराचा नुसता अंदाज बांधते. चोर इथेच डाव साधतात: किल्लीचा सिग्नल दोन यंत्रांमधून लांबवर पोहोचवायचा आणि किल्ली शेजारीच आहे असं गाडीला भासवायचं. तिसरं तंत्र यूडब्ल्यूबी, म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ. ते सिग्नलला जायला-यायला लागलेला वेळ मोजतं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. सिग्नलचा जोर वाढवता येतो, पण प्रवासाचा वेळ कमी करता येत नाही. म्हणून पर्याय असेल तर मी डोळे झाकून यूडब्ल्यूबी निवडेन.

कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्टियम या संघटनेने यासाठी सामायिक मानक केलं आहे. २०२० मधली २.० आवृत्ती एनएफसीवर चालणारी होती, २०२१ च्या ३.० मध्ये ब्लूटूथ आणि यूडब्ल्यूबी आले. अ‍ॅपल वॉचमध्ये गाडीची किल्ली सिरीज ५ पासून ठेवता येते, यूडब्ल्यूबी चिप मात्र सिरीज ६ मध्ये आली. टेस्लाची वाट वेगळी आहे. तिथे किल्ली कंपनीच्याच अ‍ॅपमधून ब्लूटूथवर चालते, आणि हे अ‍ॅप अ‍ॅपल वॉचवर डिसेंबर २०२४ मध्ये आलं.

पायरी २: आधी फोन, मग घड्याळ

घड्याळाला पासकोड लावा आणि ते मनगटावर आहे की नाही हे ओळखण्याची सोय चालू ठेवा. घड्याळ हातातून काढलं की ते लॉक होतं. उद्या ते कुणाच्या हाती लागलं तर हाच पहिला अडसर असतो.

आता मूळ किल्ली किंवा कार्ड घेऊन गाडीत बसा, दोन्ही किल्ल्या असतील तर दोन्ही घ्या. गाडीच्या अ‍ॅपमधून किंवा स्क्रीनवरच्या मेनूतून डिजिटल किल्ली फोनच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डं आणि किल्ल्या ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, जोडा. घड्याळात ती आपोआप दिसली नाही, तर फोनवरच्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये वॉलेट उघडून तिथून जोडा. ही फोनच्या किल्लीची नक्कल नसते. घड्याळ स्वतःची वेगळी किल्ली तयार करतं आणि ती त्याच्या सुरक्षित चिपमधून बाहेर पडत नाही. याचा फायदा शेवटी कळेल.

पायरी ३: एक्सप्रेस मोड

हा चालू असेल तर दर वेळी बटण दाबावं लागत नाही. चालू ठेवा.

पायरी ४: फोन घरात ठेवून बघा

फोन खिशात असताना केलेली चाचणी फसवी असते, दार फोनने उघडलेलं असतं आणि शाबासकी घड्याळाला मिळते. फोन घरी ठेवा, मूळ किल्ली मात्र जवळ असू द्या. दार उघडा, गाडी चालू करा, बंद करा, कुलूप लावा. चार्जिंगची केबल निघते का तेही बघा, कारण अनेक गाड्यांमध्ये कुलूप उघडल्याशिवाय प्लग सुटत नाही.

एनएफसीच्या गाडीत थोडी कसरत आहे. घड्याळाची काच हँडलकडे करावी लागते, म्हणजे मनगट उलटं वळवायचं. किल्ली फोनमध्ये असते तेव्हा गाडी चालू करताना फोन वायरलेस चार्जिंगच्या जागी ठेवायचा असतो. मनगट तिथे कसं टेकवायचं, हा प्रश्न गाडी बनवणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. काही वेळा घड्याळ काढून तिथे ठेवणं सोपं जातं, पण ते लॉक झालं तर पासकोड द्यायची तयारी ठेवा. ब्लूटूथ किंवा यूडब्ल्यूबी असेल तर नुसतं सीटवर बसायचं.

रोजच्या वापरात

आपोआप उघडणाऱ्या गाडीची वेगळीच गंमत. गाडी धुताना घड्याळ हातात असेल तर ती आपल्याभोवती उघड-बंद करत राहते. गाडी घराच्या भिंतीलगत उभी असेल तर आपण घरात फिरलो तरी ती जागी होऊ शकते. असं होत असेल तर आपोआप उघडणं बंद करा आणि टॅपवर या.

कार्ड किंवा साधी किल्ली पाकिटात असू द्याच. घड्याळाची बॅटरी संपते हे उघड आहे, पण इलेक्ट्रिक गाडीतही दारं आणि संगणक सहसा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही दार कुठल्याच डिजिटल किल्लीला दाद देत नाही. अशा वेळी दार कसं उघडायचं ते मॅन्युअलमध्ये आत्ताच वाचून ठेवा.

घड्याळ हरवलं तर ते दुरून लॉक करा आणि गाडीच्या किल्ल्यांच्या यादीतून फक्त घड्याळाची किल्ली काढा, फोनची चालूच राहते. घड्याळ बदललंत तर नव्यात किल्ली पुन्हा जोडा. गाडी विकताना मात्र ती यादी पूर्ण रिकामी करा, घरच्यांना पाठवलेल्या किल्ल्यांसकट.