चीनला जोडीने जाताय? तब्येत बिघडली तर या चुका टाळा

बीजिंगमधल्या तिसऱ्या सकाळी ह्यांना १०१ ताप होता आणि आमच्याकडे निषिद्ध नगरीची, म्हणजे तिथल्या जुन्या बादशाही राजवाड्याची, तिकिटं होती. ती पासपोर्टवर, आधी बुक करूनच मिळतात. सोमवारी राजवाडा बंद. 'गोळी घेऊन जाऊया' म्हणालो, ही पहिली चूक. दक्षिणेच्या दारातून आत शिरलं की उत्तरेच्या दाराशी पोहोचेपर्यंत जवळपास एक किलोमीटर, तोही फरसबंद उघड्या चौकांतून. निम्म्या वाटेवर हे एका पायरीवर बसले आणि त्यांना उठवेना. तिकीट बुडालं तर बुडू द्या.

दुसरी चूक औषधांची. आमचा डबा मोठ्या बॅगेत, बॅग हॉटेलवर. रोजच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर आपल्याकडचं ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. 'क्रोसिन' म्हटलं तर तिथल्या दुकानदाराला काहीच कळत नाही. आणि एक फार महत्त्वाचं: तिथे सर्दीसाठी गरम पाण्यात कालवायच्या पुड्या मिळतात. पाकिटावर झाडपाला दिसला तरी त्यांतल्या काहींत पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिनमधलंच औषध, असतं. वर आपली तापाची गोळी घेतली तर नकळत डोस वाढतो. मी पुडी फोडली होती. पाकिटाचं भाषांतर मोबाइलवर वाचलं म्हणून थांबले.

दवाखान्यात नुसतं रांगेत उभं राहू नका. आधी पासपोर्ट दाखवून नोंदणी, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, मग रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टर. ताप असेल तर बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत वेगळी ओपीडी असते. आम्ही चुकीच्या खिडकीपाशी पाऊण तास घालवला. अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपला आपलं कार्ड भारतातूनच जोडून जा. ॲलर्जी आणि चालू औषधं चिनी लिपीत लिहून घ्या. रुग्णवाहिकेचा नंबर १२०.

खाण्यात आमचं चुकलं नाही. नाश्त्याला 'चोउ' मिळतो, म्हणजे आपली भाताची पेजच, बहुधा अळणी. चिमूटभर मीठ घातलं आणि ह्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदा वाटी संपवली. उकळतं पाणी रेल्वेतही नळाला येतं, थर्मास हवाच.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र आम्ही करता करता राहिलो. पुढचा टप्पा जिउझायगोउ, म्हणजे डोंगरातली तळ्यांची दरी, होता. तिथला विमानतळ साधारण ३,४०० मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. छातीत कफ असताना त्या विरळ हवेत जाणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. 'तू एकटी जाऊन ये' असंही हे म्हणाले. परक्या देशात आजारी माणसाला हॉटेलच्या खोलीत सोडून कुणी फिरतं का? ते विमान रद्द केलं, पैसे गेले.

ताप उतरल्यावर शिआन शहराच्या वाटेवर फक्त शिजियाझुआंगला उतरलो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची समाधी या शहरात आहे. पुतळ्यासमोर आम्ही अर्धा तास बसलो. त्या दिवशी बघायचं ठेवलं होतं ते तेवढंच.