दशावतारी गंजिफा शोकेसमध्ये ठेवू नका, खेळा

सावंतवाडीचा राजवाडा बघायला आलेले लोक चितारी गोल पत्ते रंगवताना बघतात, फोटो काढतात, हौसेने एखादा सेट घेतात आणि घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. अहो, खेळायचे पत्ते आहेत ते!

खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि मोगलांच्या जोडात ८ रंग, ९६ पानं असायची. मग हिंदू घरांत आणि दरबारांत तो रुळला तेव्हा रंगांच्या जागी दशावतार आले, पानं झाली १२०. ओडिशात त्याला गंजपा म्हणतात, बंगालात विष्णुपूरला दशावतार ताश, आणि आपल्याकडे सावंतवाडीला तो टिकला तो राजघराण्यामुळे, कारण छापील चौकोनी पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर हाताने रंगवलेले कोण घेणार? शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चिताऱ्यांना पुन्हा कामाला लावलं म्हणून आज बघायला तरी मिळतात.

आता खेळू. माणसं तीन, प्रत्येकाला ४० पानं. गोल पानं पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर पालथी पसरायची आणि दोन्ही हातांनी ढवळायची. प्रत्येक अवताराची १२ पानं: राजा, प्रधान आणि १ ते १०. मत्स्याला मासे, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, अशी चिन्हं मोजायची.

गोची पुढेच आहे. राजा आणि प्रधान सगळीकडे मोठे, पण खालचे आकडे पाच अवतारांत सरळ चालतात, म्हणजे १० भारी आणि एक्का हलका, आणि उरलेल्या पाचांत उलटे, एक्का भारी आणि १० हलका. आमच्याकडे मत्स्य ते वामन सरळ, परशुराम ते कल्की उलटे. तुम्ही बसण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर भांडणं नक्की. गणपतीत आमच्या चुलतभावाने रामाची दश्शी मोठ्या थाटात आपटली, काकीने शांतपणे दुर्री टाकून हात उचलला, आणि तो अजून म्हणतो काकीने फसवलं.

पहिली उतारी कोणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. मला खेळातली ही सगळ्यात गोड गोष्ट वाटते. राजासोबत एक हलकं पान टाकायचं, बाकीचे दोघंही दोन-दोन हलकी पानं टाकतात. त्यानंतर ज्या अवताराची उतारी, त्याच अवताराचं भारी पान ज्याचं, हात त्याचा. शेवटी ज्याच्याकडे जास्त पानं तो जिंकला.

इथे हुकूम म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखा ठरवलेला रंग नाही. त्या रंगात त्या क्षणी उरलेलं सगळ्यात मोठं पान म्हणजे हुकूम. म्हणजे राजा आणि प्रधान खेळून गेले की वामनाची दश्शी हुकूम, ती गेली की नव्वी. कोणती पानं पडली हे डोक्यात ठेवलं नाही तर हातात हुकूम असून कळणार नाही. म्हणून पहिले चार-पाच डाव हळू खेळा, मोबाईल बाजूला ठेवा.

रंगवलेला सेट महाग पडतो, त्यामुळे शिकायला पुठ्ठ्याचे गोल कापा, पोरांकडून चिन्हं काढून घ्या, बेस्ट चालतात. आणि चांगला सेट असेल तर पावसाळ्यात ओल्या हाताने, भज्यांच्या ताटलीशेजारी बसून खेळू नका. आमच्या नृसिंहाच्या प्रधानावर तेलाचा डाग आहे, तो आता पालथा असला तरी ओळखू येतो.