प्रशिक्षण झालं, वर्ग मात्र जिथल्या तिथे: कॅथलिक शाळांनो, या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर वसई-मुंबईकडच्या अनेक कॅथलिक शाळांत शिक्षकांचं प्रशिक्षण उरकलं जातं. प्रार्थना, बाहेरून आलेले तज्ज्ञ, चहा-वडे, दुपारी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. ऑगस्टमध्ये एखाद्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा, त्या दिवसाचा मागमूस नसतो. तज्ज्ञ वाईट असतात असं नाही. घोळ आखणीत असतो आणि तो दरवर्षी त्याच त्या ठिकाणी होतो.

तास भरले की काम झालं असं समजणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा रास्त आहे, पण आकडा समोर आला की आपण तो भरायला लागतो. दीक्षा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाच्या ॲपवर व्हिडिओ चालू ठेवून शेजारी वह्या तपासायच्या, ही युक्ती कुठल्याही स्टाफरूमला नवीन नाही.

त्यातले निदान काही तास शाळेतच, मुलांच्या वह्या समोर ठेवून काढा. उदाहरणार्थ, सहावीच्या तिन्ही तुकड्यांच्या मिळून बाराएक वह्या घ्या. शेरे, सह्या, अक्षर सगळं बाजूला ठेवून फक्त चुकलेली उत्तरं बघा. ०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? वहीमागून वहीत ०.३५ भोवती गोल. मुलं दशांश पाहतच नाहीत, ४ आणि ३५ यांची तुलना करतात. मग कुणीतरी विचारतं, आपण फळ्यावर लिहिताना हे वाचतो कसं? ‘शून्य पॉइंट पस्तीस’. मुलांच्या कानावर पस्तीसच पडत असतील तर ती चारापेक्षा मोठी वाटणारच. दुसऱ्या दिवसापासून ‘पॉइंट तीन पाच’ म्हणायचं, ०.४ ला ०.४० लिहून दाखवायचं आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा द्यायचा. चाळीस मिनिटांचं काम आहे. यासाठी बाहेरून कुणाला बोलवावं लागत नाही, आणि फरक पडला की नाही हे वहीतच दिसतं.

पाठ पाहायला जाणं आणि गोपनीय अहवाल यांची गल्लत

सहकाऱ्याचा पाठ पाहावा, हे सगळ्यांना पटतं. मात्र त्या निरीक्षणाचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला की दुसऱ्या वेळेपासून खास सजवलेला पाठच पाहायला मिळतो. तो कागद ज्यांचा पाठ त्यांच्याकडेच राहू द्या. पाहणाऱ्याने एकच गोष्ट पाहावी, तीही आधी ठरवून: मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना किती वेळा प्रश्न विचारला, एवढीच.

शिकवणं एका खणात, श्रद्धा दुसऱ्या खणात

आपल्या शाळांची ही खास चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. अध्यापनाचं प्रशिक्षण सगळ्यांना, रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर, मात्र फक्त कॅथलिक शिक्षकांना. त्या दिवशी बाकीच्यांना निकालपत्रकं भरायला बसवायचं. अनेक शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध सहकाऱ्यांची संख्या मोठी आहे. शाळा कशासाठी चालते, या चर्चेतून त्यांनाच वगळलं तर शाळेची ओळख भिंतीवरच्या क्रुसापुरती उरते.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. शिक्षकाच्या कामाला काळजीपूर्वक तयारी आणि स्वतःला सतत नवं करण्याची तत्परता लागते, असं त्यात म्हटलं आहे. १९८३ च्या चर्च-कायद्यातलं कलम ८०६ तर कॅथलिक शाळेतलं शिक्षण परिसरातल्या इतर शाळांच्या निदान तोडीचं असावं, अशी जबाबदारी संचालकांवर टाकतं. म्हणजे दशांश नीट शिकवणं हेही शाळेच्या कॅथलिकपणातच मोडतं. त्यामुळे फी थकलेल्या मुलाला वर्गात कसं वागवायचं, नापास होणाऱ्याबद्दल स्टाफरूममध्ये काय भाषेत बोलायचं, हे विषय सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचे आहेत. रिट्रीट जरूर घ्या, पण त्याला जोडून हाही एक दिवस ठेवा.

मूल्यशिक्षणाचं दुखणं याच घरातलं. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला गेली की उरलेल्यांची तासिका ज्यांच्याकडे तास कमी त्यांच्या गळ्यात पडते, आणि त्यांना प्रशिक्षण काहीच नसतं. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका असं बजावलं आहे. हे दोन्ही कागद निदान या शिक्षकांनी तरी वाचलेले असावेत.

‘फादरांना सांगितलं’ इथेच थांबणं

बालसुरक्षेचं सत्र कंटाळवाणं होतं, कारण त्यात कायद्याची कलमं वाचून दाखवतात. प्रसंग द्या. पाचवीतली मुलगी मधल्या सुट्टीत बाईंना काहीतरी सांगते आणि म्हणते, कुणाला सांगू नका. बाईंनी पुढच्या तासभरात काय करायचं? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी भीती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मॅनेजर फादरांच्या किंवा मुख्याध्यापिका सिस्टरांच्या कानावर घातल्याने ही जबाबदारी संपत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर ती आणखी मोठी. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे वाक्य सत्रात मुद्दाम उच्चारून त्यावर बोला, कारण प्रत्यक्षात ते कुणीतरी उच्चारणारच असतं. आणि मुलीला खोदून खोदून विचारू नका, तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, हेही याच सत्रात येऊ द्या.

‘आपण अल्पसंख्याक, आपल्याला सूट’

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बंधनकारक केली आणि अल्पसंख्याक शाळांना ती लागू होते का हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. यातला दुसरा भागच तेवढा धरून निर्धास्त होऊ नका. तरुण शिक्षकांनी अभ्यासाला लागावं, आणि शाळेने त्यासाठी शनिवारचा एखादा तास द्यावा. अनुदानित शाळांत १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळायला लागणाऱ्या प्रशिक्षणाचंही तेच: पात्रता आल्यावर कागद गोळा करायला पळापळ नको.

आराखडा फादर-सिस्टरांच्या डोक्यात ठेवणं

बदली झाली की जुन्या मुख्याध्यापिका सिस्टरांबरोबर तीन वर्षांचा आराखडाही जातो. नव्या येतात आणि पुन्हा ‘ताणतणाव व्यवस्थापन’ पासून सुरुवात होते. बदली न होणारे दोन-तीन शिक्षक आणि पर्यवेक्षक यांच्याकडे एक फाइल ठेवा: यंदा काय शिकलो, कोणत्या इयत्तेत वापरून पाहिलं, काय अर्धवट राहिलं. तीन पानं पुरतात. नव्या सिस्टर रुजू झाल्या की पहिल्या आठवड्यात ही फाइल त्यांच्या हाती द्या, आणि आराखड्यात बदल करायचाच असेल तर तो दिवाळीच्या सुट्टीनंतर करा, अशी विनंतीही तेव्हाच करून टाका.