पत्रा, ड्रिल, डाख आणि पोलादाचं पाणी : वर्कशॉपमध्ये या चुका टाळा

पेटीचं झाकण बसत नाही. भोक तिरकं पडतं, टॅप (आटे पाडायचं हत्यार) भोकातच मोडतो, डाख (सोल्डर) गोळी होऊन घरंगळते. अशा वेळी पहिला राग हत्यारावर निघतो. पण धातुकामात बिघाड जिथे दिसतो, तिथे तो क्वचितच झालेला असतो. तो आधीच्या पायरीवर झालेला असतो, मग ते माप असो, पकड असो नाहीतर साफसफाई. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी दिसणाऱ्या बिघाडापासून सुरुवात करून त्याच्या मागच्या पायरीवर जायचं आहे.

बडोद्यात हाताने शिकण्याची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि आज त्याच आवारात विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा भरते. शाळेत किंवा घरच्या ओट्यावर एक व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) बसवून काम सुरू करणाऱ्या मुलांना निदान मूळ गोष्टी तरी पक्क्या मिळायला हव्यात.

पेटी मापापेक्षा मोठी होते

समजा, १ मिमी पत्र्याची पेटी करायची आहे. बाहेरून रुंदी १०० मिमी, दोन्ही बाजूंची उंची ३० मिमी. मुलं सरळ बेरीज करतात, १०० + ३० + ३० = १६०, आणि तेवढा पत्रा कापतात. दुमडल्यावर पेटी साडेतीन मिमीने जास्त भरते आणि आधी कापून ठेवलेलं झाकण वाया जातं.

कारण असं, की पत्रा काटकोनात मोडताना कोपऱ्यावर वळतो आणि कोपरा वाचवून जातो. आतली गोलाई पत्र्याच्या जाडीइतकी असेल, तर १ मिमी पत्र्याला दर मोडीमागे साधारण १.७५ मिमी वजा करायचे. दोन मोडी म्हणजे ३.५ मिमी, म्हणून पट्टी १५६.५ मिमी घ्यायची. आकडा पाठ करण्यापेक्षा त्याच पत्र्याची १०० मिमी लांब पट्टी बरोबर मधोमध मोडा, दोन्ही पाय बाहेरून मोजा आणि बेरजेतून १०० वजा करा. उरेल ती तुमच्या पत्र्याची, तुमच्या व्हाइसची वजावट. हे पाच मिनिटांचं काम आहे. पत्रा बदलला की ते पुन्हा करायचं.

मोडीची रेघ स्क्रायबरने (धातूवर रेघ कोरायच्या टोकदार सळीने) ओढू नका. जस्ती पत्र्यावर ओरखडा गेला की जस्ताचा थर फाटतो आणि पावसाळ्यात नेमक्या त्याच रेघेवर तांबूस गंज येतो. ॲल्युमिनियमवर तर मोड तिथूनच चिरते. कापायची रेघ स्क्रायबरने आणि मोडायची मार्करने ओढायची. दोन मोडी जिथे भेटतात त्या बिंदूवर कापण्याआधी ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे कोपरा फाटत नाही. समोरासमोरच्या दोन बाजू आधी उभ्या करा. उरलेल्या दोन बाजूंना व्हाइसचा जबडा आत शिरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पेटीत सैलसर बसेल असा लाकडी ठोकळा हवा. आतली रुंदी ९८ मिमी असेल, तर ठोकळा ९७ मिमीचा घ्या.

भोक सरकतं, तिकोनी होतं, ड्रिल निळं पडतं

ड्रिल सरकलं, तर सेंटर पंचची खूण उथळ होती असं समजा. आधी टोकदार पंचने हलकी खूण करा, ती गुण्याला (काटकोन तपासायच्या हत्याराला) पडताळा, मग ९० अंशांच्या पंचने एकच पक्का ठोका द्या. दोन-तीन ठोके दिलेत तर दोन खुणा होतात आणि ड्रिल त्यांच्यामध्ये नाचतं.

पातळ पत्र्यात भोक तिकोनी होणं ही सगळ्यांची तक्रार असते. ड्रिलचं टोक पत्र्याच्या पलीकडे निघतं, तेव्हा त्याच्या दोन्ही धारा अजून पूर्ण टेकलेल्या नसतात. आधार नसलेलं ड्रिल डगमगतं आणि भोकाला कोपरे येतात. पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये घट्ट आवळा आणि प्लायसकट भोक पाडा. मोठ्या भोकाला स्टेप ड्रिल (पायरी-पायरीने जाड होत जाणारं) उत्तम.

टोक निळं पडलं की वेग चुकलेला असतो. साध्या लोखंडात ६ मिमीच्या हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला मिनिटाला साधारण १३०० फेरे आणि १० मिमीला ८०० पुरतात. स्टेनलेस स्टीलमध्ये याच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. घरचं हातड्रिल घोडा पूर्ण दाबला की याच्या कितीतरी पुढे पळतं. स्टेनलेसवर आणखी एक चूक होते, ती म्हणजे हलक्या हाताने घासत राहण्याची. ड्रिल कापत नाही, नुसतं घासतं, आणि घासलेली जागा कडक होत जाते. मग नवं ड्रिलही तिथे शिरत नाही. वेग कमी, दाब भरपूर, तेलाचा थेंब आणि तुटक भुग्याऐवजी सलग निघणारी साल, हे बरोबर चाललंय याचं लक्षण. हॅमरची कळ मात्र बंदच हवी.

आणि हे कुणालाही सूट न देता पाळायचं : पत्रा हातात धरून भोक पाडायचं नाही. ड्रिल पलीकडे निघताना पत्रा पकडतं, आणि सुटलेला पत्रा पात्यासारखा गरगर फिरतो. हातमोजे, ओढणी, मोकळे केस यांतलं काहीही फिरत्या ड्रिलजवळ नको. डोळ्यांवर चष्मा हवाच.

टॅप मोडला

मोडलेला टॅप भोकातून काढणं हे वर्कशॉपमधलं सगळ्यात जिकिरीचं काम आहे, कारण तो ड्रिलपेक्षा कमी कडक नसतो. बहुतेक वेळा दोष भोकाच्या मापाचा असतो. एम ६ च्या (६ मिमी बोल्टच्या) आट्यांसाठी ५ मिमी, एम ५ साठी ४.२, एम ८ साठी ६.८ आणि एम ४ साठी ३.३ मिमी ड्रिल लागतं. "अर्धा मिमी लहान घेतलं तर आटे घट्ट होतील" ही समजूत टॅप मोडते.

माप बरोबर असूनही मोडला, तर तो तिरका शिरला होता. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबा, हँडल काढा, टॅपला गुण्या लावा आणि दोन दिशांनी बघा. त्याच वेळी तो सरळ करता येतो, नंतर नाही. तीन टॅपच्या संचात सगळ्यात निमुळता आधी चालवायचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना साल तुटल्याचा बारीक झटका हाताला कळतो. लोखंडाला तेल लावा, ॲल्युमिनियमला रॉकेल चालतं, पितळ कोरडंच कापा.

करवत आणि कानस

करवतीच्या दातांची टोकं पुढच्या दिशेला हवीत आणि कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले हवेत. इंचाला २४ दातांच्या पात्याला त्यासाठी ३ मिमी जाडी लागते. पातळ नळीला ३२ दातांचं पातं लावा आणि नळी फिरवत कापा. अर्ध्या कापात पातं तुटलं, तर नवं पातं जुन्या खाचेत घालू नका. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते, नवं त्यात अडकून लगेच मोडतं. दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. ॲल्युमिनियम घासण्याआधी कानशीवर खडू फिरवा, म्हणजे दातांत चुरा बसत नाही. मुठीशिवाय कानस वापरू नका, तिचं शेपूट तळहातात घुसतं.

डाख चिकटत नाही

वितळलेली डाख पाण्याच्या थेंबासारखी गोळा होते. याची कारणं दोनच, धातू स्वच्छ नाही किंवा धातू गरम नाही. सोल्डर गनवर डाख वितळली म्हणजे पत्रा तापला असं नाही. ६०/४० डाख (६० भाग कथील, ४० भाग शिसं) १८३ अंशांना मऊ पडू लागते, पण पत्रा तेवढा तापलेला नसेल तर ती वरच्या वर थिजते. २५ वॉटची गन सर्किटसाठी असते, पत्र्याला जाड तांब्याच्या टोकाची १०० वॉटची लागते. पत्रा लोखंडी व्हाइसमध्ये धरून डाख लावणं ही इथली मागची पायरी आहे. व्हाइस सगळी उष्णता पिऊन टाकतो. काम लाकडावर ठेवा.

कल्हईवाला भांडं तापवून आधी नवसागर फिरवतो आणि मगच कथील पसरतं, तेच गणित इथे आहे. जस्ती पत्र्याला आणि पितळेला झिंक क्लोराइडचं फ्लक्स (डाख धरावी म्हणून धातू साफ करणारं द्रव्य) लावतात, सर्किटला राळेचं. या दोन्हींची अदलाबदल करू नका. झिंक क्लोराइड सर्किटवर राहिलं की तांबं हिरवं पडून खाल्लं जातं. पत्र्याचा जोडही काम झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. साध्या फ्लक्सने ॲल्युमिनियमला डाख लागत नाही, तिथे रिव्हेट मारा. ६०/४० मध्ये शिसं असतं, म्हणून खाण्याच्या भांड्याला ती कधीच नको आणि काम झालं की मुलांचे हात साबणाने धुवायचे. जस्ती पत्रा वेल्डिंगच्या आंचेवर नेऊ नका. जस्ताच्या धुराने ताप आणि थंडी भरते.

पाणी दिलं, पण चढलं नाही

पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून एकदम निववणं आणि कडक करणं. बांधकामाची सळई लाल करून पाण्यात बुडवली आणि छिन्नी केली, पण दोन ठोक्यांत धार वाकली. मुलांना वाटतं, पुरेशी लाल झाली नव्हती. खरं म्हणजे सळईत कार्बनच पुरेसा नाही, साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंतच असतो. पाणी चढायला जास्त कार्बनचं पोलाद लागतं. जुनी कानस (साधारण १.२ टक्के) किंवा गाडीची स्प्रिंग (०.६ टक्क्यांच्या आसपास) घ्या. बडोद्यात मकरपुऱ्याच्या बाजूच्या भंगारात दोन्ही मिळतात.

कानस आहे तशी कापता येत नाही. ती लाल करून राखेत पुरा आणि रात्रभर निवू द्या. सकाळी ती साध्या लोखंडासारखी घासता येते. आकार आल्यावर टोक तापवायचं आणि अंदाज रंगावर सोडायचा नाही, कारण दुपारच्या उजेडात लाल रंग फिका दिसतो. तारेला बांधलेलं चुंबक लावून बघा. ते चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवा आणि टोकाचा २०-२५ मिमी भाग कोमट शेंगदाणा तेलात बुडवून हलवत राहा. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी आणि काम उघड्यावर. पाणी त्या तेलाच्या जवळपासही नको. पाण्यात बुडवलेली कानस तडकू शकते.

बुडवल्यावर दुसरी कानस टोकावर फिरवा. काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी चढलं. पण आता ते टोक काचेइतकंच ठिसूळ आहे, हातोडीच्या ठोक्याने त्याचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. म्हणून ही पायरी गाळू नका. टोक पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि मागून, टोकापासून दोन बोटं अंतरावर, हळू आंच द्या. पोलादावर रंग चालत येतात, आधी फिकट गवती (वाळल्या गवतासारखा पिवळसर), मग तपकिरी, जांभळा, निळा. स्क्रायबरला गवती (साधारण २२० अंश), पंचला तपकिरी (२५५), छिन्नीला जांभळा (२८०), स्क्रूड्रायव्हरला निळा (३००). हवा तो रंग टोकाला पोहोचताच लगेच पाण्यात. एक क्षण उशीर झाला तर रंग पुढे निघून जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पंचचं आणि छिन्नीचं डोकं मात्र मऊच ठेवा, तिथे पाणी द्यायचं नाही.

पावसाळ्यातला गंज

बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या हत्यारांची पेटी लगेच उघडायला हवी. आधी साध्या पाण्याने चिखल काढा. पाने, सांडशी, व्हाइसचे जबडे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक रात्र ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यात बुडवा, कोरडे करून उन्हात ठेवा आणि त्याच दिवशी तेल लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पुन्हा लाली चढते. व्हर्नियर आणि गुण्या व्हिनेगरमध्ये घालू नका. त्यांचा सपाटपणा आणि खुणा आम्ल खातं. त्यांना फक्त तेल आणि मऊ कापड, आणि मग गुण्याची परीक्षा : सरळ कडेवर एक रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर तो गुण्या खुणा करण्यासाठी वापरू नका.