सुट्या मण्यांचे बेदाणे

नाशिकला द्राक्षांचा भर हंगाम आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ साधारण एकत्रच येतात. या दिवसांत घडांऐवजी हातगाडीवरचे सुटे मणी घ्या. द्राक्षं तीच, फक्त देठातून गळालेली, म्हणून स्वस्त. त्यातही घासाघीस करू नका, एवढं ऐकाच.

फुटके, मऊ मणी आधी काढून टाका. बाकीचे धुऊन उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट बुडवा; सालीला बारीक चिरा दिसल्या की लगेच गार पाण्यात. हा टप्पा गाळला तर सालीवरच्या मेणामुळे मणी नीट वाळत नाहीत, आंबतात. (माझा पहिला घाणा असाच वाया गेला.) पुसून सुती कापडावर एकेक पसरा, वरून जुनी पातळ ओढणी टाका, रात्री घरात आणा. आठवडाभरात चार किलोंचे साधारण किलोभर बेदाणे होतात. रंग तपकिरीच येतो; बाजारातला सोनेरी रंग बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवले तर नाताळच्या केकपर्यंत पुरतात.

बायबलमधल्या लेवीय 19:10 मध्ये मळेवाल्याला सांगितलंय की गळालेली द्राक्षं वेचू नकोस, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. आपला मळा नाही, पण सरवा, म्हणजे असा मागे सोडलेला वाटा, ठेवता येतो. दिंडोरी-निफाडच्या बागांत खुडणीला पेठ-सुरगाण्याकडचे मजूर येतात. त्यांची मुलं जवळपास असतील तर पहिली बरणी तिकडे द्या, उरलेली नव्हे.