पीयूसी निघाली म्हणून टर्बो कायदेशीर होत नाही: या चुका टाळा

बेळगावात गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवायचं ठरवलं तर कारागिरावाचून काम अडत नाही. उद्यमबागेत बीड ओतणारे आहेत, लेथवर फ्लँज काढून देणारे आहेत, मॅनिफोल्डचं वेल्डिंग स्वच्छ करून देणारे आहेत. काम अडतं ते दोन ठिकाणी: आरसीच्या कागदावर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी. धुराची अडचण हुशार मेकॅनिक सोडवू शकतो, कागदाची नाही. पण धूर साफ झाला की कागदही साफ झाला, असं बरेच मालक धरून चालतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

“पीयूसी निघाली, विषय संपला”

पीयूसी गरम इंजिनवर, उभ्या गाडीची काढतात. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल कारला आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. २,५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोल मिश्रणाचा आकडा (१ म्हणजे नेमकं, जास्त म्हणजे पातळ), ०.९७ ते १.०३. इंजिनवर त्या वेळी लोड नसतो, म्हणजे बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) जवळजवळ नाहीच. टर्बो नुसता फिरत असतो. नायट्रोजन ऑक्साइड तर मोजलंच जात नाही, आणि बूस्टमुळे वाढतं ते प्रामुख्यानं तेच.

कंपनीची गाडी बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत थंड इंजिनापासून चाचणी देते. तिथं हिशोब दर किलोमीटरचा असतो. बीएस-६ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचं उत्सर्जनही मोजलं जातं. आता टर्बो कुठं बसतो बघा. आधुनिक गाडीत धूर स्वच्छ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), मुद्दाम इंजिनाच्या हेडला चिकटून ठेवलेला असतो, कारण साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो कामाला लागत नाही. मध्ये टर्बोचं जड बिडाचं घर आलं की पहिली उष्णता तेच पिऊन टाकतं आणि कॅट उशिरा तापतो. सकाळी गाडी सुरू केल्यापासून तेवढा वेळ कच्चा धूर गल्लीत जातो. म्हणून “कॅट काढला नाही, ठेवलाय” एवढ्यानं बीएस-६ टिकत नाही.

“आरसीवर टर्बोचा उल्लेखच नाही, मग बदल कसला?”

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. आरसीवर छापलेल्या चार ओळींपुरतं बघून चालत नाही, कंपनीचा मूळ तपशील महत्त्वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४) खाली अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टर्बो, कापलेला कॅट आणि मोठा एक्झॉस्ट हे तीन वेगळे बदल मोजले जाऊ शकतात. धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) वेगळं लागतं. तिथं पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद, इथपर्यंत जाऊ शकतं. कलम १८२अ(४) मध्ये शब्द “मालक” असा आहे. त्यामुळे गॅरेजवाल्यानं “जबाबदारी माझी” म्हटलं तरी ती तुमच्यावरून उतरत नाही.

सीएनजी किटची आरसीवर नोंद होते, मग टर्बोची का नाही, हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी किट बसवायची वाट कायद्यातच ठेवली आहे आणि त्या किटला टाईप अप्रूव्हल, म्हणजे चाचणीनंतरची मंजुरी, असतं. पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो बसवायला अशी वाट नाही. आरटीओत कोणी “नोंद करून देतो” म्हणाला तर पैसे देऊ नका.

इन्शुरन्सचंही तेच. इंजिनातला बदल कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

“कोल्हापूरला चालतं”

एमएच ०९ पासिंगची गाडी बेळगावात किंवा केए २३ ची गाडी कागलात फिरते, हे इथलं रोजचं आहे. पण कलम ५२ केंद्राच्या कायद्यातलं आहे, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच लागू. पीयूसी कुठल्याही राज्यातून काढली तरी चालते, बदल मात्र कुठंच चालत नाही. आणखी एक, दुसऱ्या राज्याची गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथलं पासिंग करावं लागतं. त्या वेळी इन्स्पेक्टर गाडी समोर घेतो आणि बॉनेट उघडतो.

“किटवर कॅलिफोर्नियाचा नंबर आहे”

बाहेरून येणाऱ्या काही किटांवर ‘कार्ब’चा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, ईओ (मंजुरीचा) नंबर असतो. तो मंडळानं त्या ठरावीक किटला, ठरावीक मॉडेल आणि वर्षासाठी दिलेला असतो. तिथं त्याला मोठी किंमत आहे, इथं काही नाही. ज्या किटवर “फक्त रेसिंगसाठी” लिहिलेलं असतं तिला तर त्यांच्या रस्त्यावरही परवानगी नाही.

धूर बिघडला तर कुठं बघायचं

जुनी टर्बो लावलेली गाडी विकत घेतलेले, ट्रॅकसाठी गाडी बांधणारे आणि कंपनी टर्बो वापरणारे, तिघांच्याही कामाचा हा भाग आहे.

आयडलला कार्बन मोनॉक्साइड जास्त: बहुधा मोठे इंजेक्टर बसवलेत, पण त्यांचा डेड टाइम (उघडायला लागणारा उशीर) ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, बदललेला नाही. आयडलला इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. तिथं अर्ध्या मिलिसेकंदाची चूकही खूप पेट्रोल ओतते.

लॅम्डा १.०५ च्या वर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी: मिश्रणाला हात लावू नका. आधी एक्झॉस्टचे सांधे बघा. थंड गाडी सुरू करून सायलेन्सरचं तोंड कापडानं अर्धवट दाबायचं आणि प्रत्येक फ्लँजवर साबणाचं पाणी सोडायचं. फुगे आले की लीक सापडला. लीक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं, ते पेट्रोल वाढवतं आणि कॅट जळतो.

निळा धूर: लगेच टर्बो बदलायला काढू नका. आधी ऑइलची परतीची नळी बघा. टर्बोतून ऑइल ताकासारखं फेसाळून बाहेर पडतं आणि फक्त वजनानं खाली येतं. नळीचं आतलं माप १६ ते १९ मिलिमीटर हवं, उतार सलग हवा, आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ती ऑइलच्या पातळीच्या वर शिरायला हवी. जागा नाही म्हणून क्रॉसमेंबरखालून (चासीच्या आडव्या पट्टीखालून) वळसा दिलेली नळी दिसली की कारण तिथंच आहे. ऑइल साचतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जातं आणि त्यातला फॉस्फरस कॅटला मारतो. मग कॅट नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड येतो. फक्त कोड पुसला तर तो परत येणारच.

क्रँककेसची वाफ: बूस्ट असताना पीसीव्हीला (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या नळीला) एकाच दिशेनं उघडणारा चेक व्हॉल्व्ह नसेल तर दाब खाली शिरतो आणि डिपस्टिक वर उडते. यावर उपाय म्हणून कॅच कॅनचं (वाफेतलं ऑइल साठवणाऱ्या डब्याचं) तोंड हवेत सोडतात. ते नियमात बसत नाही. वाफ टर्बोच्या आधीच्या पाइपात परत जायला हवी. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत जादा दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचंही तसंच. हवा बाहेर सोडली की मोजलेली हवा इंजिनात पोचत नाही आणि गिअर बदलताना काळा धूर निघतो.

नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक): मूळ एमएपी सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, बहुधा वातावरणाच्या दाबाच्या थोडा वरपर्यंतच वाचतो. त्यापुढचा बूस्ट ईसीयूला दिसतच नाही, म्हणून निदान अडीच बारचा सेन्सर लागतो. त्यात मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन ११ किंवा १२ असेल तर थोडा बूस्टही पिस्टन फोडायला पुरतो.

आता पंपावर ई२० मिळतं. त्यातलं इथेनॉल आपल्याच चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या उसाचंही असू शकतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलवर लिहिलेला मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) ओपन लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती नसताना, आठ-नऊ टक्के पातळ पडतो. ट्यूनिंग एअर-फ्युएल आकड्यावर नको, लॅम्डावर करा.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कल. गोव्यात किनाऱ्यावर तो १०१ होतो. फक्त थ्रॉटलच्या कोनावर लिहिलेल्या मॅपला दाबाची दुरुस्ती नसेल तर चोर्ला घाट उतरल्यावर तोच मॅप सुमारे नऊ टक्के पातळ चालतो. इथं गोड पळणारी गाडी पणजीत खडखडते ती यामुळे.

नियमात राहून काय करता येतं

जास्त ताकद हवी असेल तर कंपनीचा टर्बो असलेलं मॉडेल घ्या. स्वतः बांधलेली गाडी ट्रॅकवरच ठेवा. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईला नेताना ती ट्रेलरवर न्या, टर्बोसकट रस्त्यावर चालवत नको. सेकंडहँड घेताना बॉनेट उघडून तीन गोष्टी बघा: व्हॅक्यूम पाइपात नव्यानं घातलेले टी-जोड, ईसीयूच्या कनेक्टरजवळ सोललेल्या वायरी, आणि कॅटच्या डब्यावरची वेल्डिंगची शिवण. शिवण दिसली तर बोटानं डबा ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आतली जाळी काढलेली आहे. मग नवीन कॅट, मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ सेन्सरचा खर्च सौद्यातून वजा करा आणि गाडी नावावर करण्याआधीच मूळ रूपात आणून घ्या.